गाडी तापते, पंखा विजेचा लावू का?

या महिन्यात जुन्या ट्रकांबद्दल जेवढी पत्रं आली, त्यातल्या निम्म्यांत हाच एक प्रश्न आहे. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवले आणि हे सगळं पान रेडिएटरच्या पंख्याला दिलं. पहिलं पत्र वाईचं. त्याचं उत्तर लांबलं आहे, पण ते नीट वाचलं तर बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच मिळतील.

प्रश्न : नमस्कार मिस्त्रीकाका. आमच्या आजोबांनी घेतलेला १९५४ चा फार्गो ट्रक आमच्याकडे आहे. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातला, पेट्रोलवरचं सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन. दोन वर्षं खपून आम्ही तो चालता केला. माल वाहत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत, घरच्या लग्नकार्यात आणि वर्षातून दोनदा पाचगणी-महाबळेश्वरला नेतो. वाई ते सुरूर रस्त्याला काटा ठीक असतो. पसरणी घाटात मात्र अर्ध्यावर पाणी उकळतं, आणि मिरवणुकीत तासाभरात उकळतं. एका दुकानदाराने सांगितलं, बेल्टचा पंखा काढून टाका आणि छोट्या मोटारीचे दोन विजेचे पंखे बसवा. गाडीचं वायरिंग ६ व्होल्ट, पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसीला जोडलेलं) आहे. डायनॅमो ३५ अँपियरचा. रेडिएटरची जाळी २० बाय २२ इंच, झाकण साधं, बिनदाबाचं. बसवू का? — वाईहून एक वाचक

उत्तर : बेल्टचा पंखा काढू नका. विजेचा पंखा तुमच्या कामाला येईल, पण दुकानदाराने सांगितला तसा नाही, आणि घाटासाठी तर मुळीच नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझे वडील फार्गोच चालवायचे. कोल्हापूरहून गूळ भरून रत्नागिरीला उतरायचं आणि येताना कौलं घेऊन साखरप्याहून आंबा घाट चढायचा. सुट्टीत मी क्लीनरच्या जागेवर बसायचो. माझ्या पायाशी पाण्याचा डबा आणि ओलं गोणपाट. घाटात गाडी तापली की वडील ती कडेला घेऊन इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि झाकणाला हात न लावता आधी जाळीवरून तळहात फिरवायचे. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. कुठला कोपरा गार लागतोय ते बघायचे. इंजिन तापलेलं आणि जाळीचा एखादा भाग गार, म्हणजे त्या भागातल्या नळ्यांतून पाणी फिरतच नाही. आज माझ्याकडे बंदुकीसारखं रोखून धरायचं थर्मामीटर आहे, पण सुरुवात मी अजूनही तळहातानेच करतो. तुम्हीही तेच करा. इंजिन बंद असताना करा आणि झाकण उघडू नका. गरम पाण्याची चिळकांडी तोंडावर आली की कातडी सोलून निघते.

आता तुमच्या गाडीचं. तिला एक नाही, दोन दुखणी आहेत आणि ती वेगवेगळी आहेत.

पसरणी घाटात तुम्ही सेकंड गिअरला असता. गाडी हळू, पण इंजिन जोरात फिरत असतं. बेल्टचा पंखा इंजिनाबरोबर फिरतो, म्हणजे तोही तेव्हा जोरातच फिरतो आणि भरपूर हवा ओढतो. एवढी हवा मिळूनही पाणी उकळत असेल, तर दोष हवेत नाही. तिथे बेल्टचा पंखा काढून दोन छोटे पंखे लावले तर हवा उलट कमी होईल. हिशेब करून बघा. छोट्या मोटारीचा पंखा दहा इंची धरला, तर त्याचं वर्तुळ सुमारे ७८ चौरस इंच. दोन मिळून १५७. तुमची जाळी ४४० चौरस इंच. जेमतेम एक तृतीयांश जाळीसमोर पंखा येणार आणि बाकीची तशीच उघडी राहणार.

त्यात पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. तुमचं झाकण बिनदाबाचं, त्यामुळे वर पोचेपर्यंत पाणी ९६ अंशाच्या आतच उकळायला लागतं. मूळच्या गाडीला एवढी तूट सोसायची ताकद होती. सत्तर वर्षांचा खार आणि गंज साचल्यावर ती उरत नाही. म्हणून नव्या गाडीचं जास्त दाबाचं झाकण बसवायचा मोह कोणाला झाला, तर तेही करू नका. या रेडिएटरच्या टाक्यांचे डाग एवढ्या दाबासाठी दिलेले नाहीत, ते सांध्यातून उकलतात.

तुमच्या इंजिनाची एक खास गोष्ट आहे आणि मला तुम्हाला मुख्य सांगायची आहे ती हीच. क्रायस्लर घराण्याच्या साइड व्हॉल्व्ह सहा सिलिंडर इंजिनात (फार्गो, डॉज, प्लिमथ, डिसोटो सगळी त्यातलीच) वॉटर पंपाच्या मागे ब्लॉकच्या आत एक चपटी पत्र्याची नळी असते. ती जवळजवळ ब्लॉकच्या लांबीएवढी असते. तिला ठरावीक जागी भोकं असतात आणि त्यातून गार पाणी थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटांवर जातं, अगदी मागच्या सहाव्या सिलिंडरपर्यंत. ही नळी बाहेरून दिसत नाही. इंजिन उतरवून बोअर केलं, पिस्टन बदलले, रंग दिला, तरी बरेच जण तिला हात लावत नाहीत, कारण ती आहे हेच माहीत नसतं. ती गंजून गेली की पाणी पुढच्या दोन-तीन सिलिंडरांपाशीच घुटमळून परत फिरतं. मागची सिलिंडरं भाजत राहतात. साध्या रस्त्याला काही कळत नाही. घाट आला की लगेच कळतं. दुर्लक्ष केलं तर मागच्या व्हॉल्व्ह सीटपाशी ब्लॉकला तडा जातो, आणि त्या ब्लॉकला बदली ब्लॉक आज शोधून सापडणं फार अवघड.

तपासायचं कसं? घाट चढून थांबलात की हेडवर पुढच्या आणि मागच्या टोकाला थर्मामीटर रोखा. चार-पाच अंशांचा फरक असेल तर चालेल. मागचं टोक पंधरा-वीस अंशांनी जास्त आलं, तर नळी गेली असंच समजा. ती काढायला रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही उतरवावे लागतात. मग पंपाच्या मागच्या भोकातून तारेचा आकडा आत घालून ओढायची. आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. शेवटची फार्गो मी केली तेव्हा आकड्याला पहिल्या झटक्यात वीतभर पत्रा लागला आणि बाकीचा चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा तुकड्यातुकड्यांनी निघाला. पूर्ण दुपार गेली. तुकडे फेकू नका. भोकांची जागा आणि माप त्यांच्यावरूनच घ्यायचं असतं. नवी नळी पितळी पत्र्याची करून घ्या, ती गंजत नाही. मागची भोकं पुढे आणि पुढची मागे असं होऊ देऊ नका.

नळी बाहेर आहे तोवर ब्लॉकच्या बाजूचे वेल्च प्लग (भोकांवर बसवलेली पत्र्याची झाकणं) काढा आणि आतला गाळ पाण्याच्या जोराने धुऊन घ्या. मागच्या सिलिंडरांपाशी तो चिखलासारखा बसलेला असतो. रेडिएटर खाली आहेच, तर त्याचं रॉडिंग, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून सफाई, करून घ्या. नळ्या पातळ झाल्या असतील तर कोअरच, म्हणजे पूर्ण जाळीच, बदला. टाक्या मात्र मूळच्याच ठेवा. बोअरवेलचं पाणी भरू नका. कूलंट किंवा डिस्टिल्ड पाणी घाला. इग्निशनचं टायमिंगही बघा. ठिणगी उशिरा पडत असेल तर ताकद कमी मिळते आणि उष्णता पाण्यात जास्त जाते. एवढं केलंत की पसरणी घाट फार्गोसाठी काही अवघड नाही. तेव्हा ती याच घाटातून माल वाहत होती, आता तर रिकामी जाते.

आता मिरवणूक. इथे खरंच हवा कमी पडते. गाडी चालण्याच्या वेगाने, इंजिन स्लोवर, त्यामुळे पंखाही स्लोवर. समोरून वारा नाही. विजेचा पंखा यासाठीच असतो, इंजिन कितीही हळू फिरो, तो आपल्या वेगाने फिरतो. दुकानदाराचं एवढं म्हणणं बरोबर आहे.

पण तुमच्या गाडीत नेमकी तिथेच अडचण आहे. डायनॅमो स्लोवर जवळपास काहीच देत नाही. इंजिन मंद झालं की कटआऊट (डायनॅमो बॅटरीपासून तोडणारा स्विच) उघडतो आणि अँमीटरचा काटा डिस्चार्जकडे जातो, हे तुम्ही रोज बघत असाल. ज्या वेळी पंख्याला वीज सर्वांत जास्त हवी, त्याच वेळी जुन्या ट्रककडे ती सर्वांत कमी असते. जोरात फिरवला तरी तुमचा डायनॅमो ६ गुणिले ३५, म्हणजे २१० वॉट देणार. बारा-चौदा इंची दोन पंखे मिळून २४० वॉट सहज खातात. शिवाय दिवे आहेत, हॉर्न आहे. तासाभरात बॅटरी बसेल आणि मिरवणुकीच्या मधोमध गाडी ढकलावी लागेल.

यावर सगळे सांगतात की गाडी १२ व्होल्ट करा आणि अल्टरनेटर लावा. करता येतं. पण तुमची गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे आणि अल्टरनेटर सहसा निगेटिव्ह अर्थवर चालतो. बॅटरी फिरवायची, अँमीटरच्या आणि कॉइलच्या वायरी अदलाबदल करायच्या, सगळे बल्ब, कॉइल, हॉर्न बदलायचे, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करून द्यायचं. एखादा जण विसरून बॅटरी जुन्या पद्धतीने जोडतो आणि अल्टरनेटरचे डायोड त्याच क्षणी जातात. आजोबांच्या गाडीचं एवढं सगळं वर्षातल्या दहा मिरवणुकींसाठी उकलावं, हे माझ्या मनाला पटत नाही.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. आधी बेल्टच्या पंख्याभोवती पत्र्याचं गोल कवच, ज्याला आपण श्राउड म्हणतो, ते करून घेतलं असतं. पात्याची निम्मी रुंदी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर, आणि सगळीकडून इंचभर मोकळं. रेडिएटरच्या चारी कडांच्या फटी रबराच्या पट्ट्यांनी बंद करायच्या, म्हणजे इंजिनाची गरम हवा फिरून पुढे येऊन पुन्हा जाळीत शिरत नाही. मिरवणुकीत थांबलं की डॅशवरचा हँड थ्रॉटल थोडा ओढून इंजिन जरा उचलून धरायचं. एवढ्यानेच तुमचं निम्मं काम होईल आणि विजेचा एक थेंबही लागणार नाही.

उरलेल्या निम्म्यासाठी जाळीच्या पुढे, ग्रिलच्या मागे, १४ इंची एकच विजेचा पंखा. पुढून हवा ढकलणारा घ्या. मागून ओढणारा जास्त चांगला असतो, पण मागे तुमचा मूळचा पंखा आहे. आणि त्याला वीज गाडीची द्यायचीच नाही. मागे फाळक्याशी पेटीत ६५ अँपियर-तासाची १२ व्होल्टची वेगळी बॅटरी बांधा. पंख्याच्या दोन्ही वायरी फ्यूज आणि स्विचमधून त्या बॅटरीलाच न्या. चेसीला अर्थ करू नका. म्हणजे गाडी ६ व्होल्ट पॉझिटिव्ह अर्थ आहे तशीच राहिली आणि दोन्ही विजांचा एकमेकींशी संबंध आला नाही. पंखा १० अँपियर खात असेल तर अर्धी बॅटरी वापरूनही तीन तास निघतात. घरी आल्यावर चार्जर लावायचा. पंखा जाळीतून प्लॅस्टिकच्या पट्ट्या ओवून बसवू नका. दुकानात तो पट्ट्यांचा संच पंख्याबरोबर फुकट देतात. पण ट्रक हादरतो, पट्टी नळीवर घासते आणि वर्षभरात तिथून पाणी गळतं. रेडिएटरच्या बाजूच्या चौकटीला आधीच बोल्टांची भोकं आहेत, त्यांत दोन आडव्या पट्ट्या धरून पंखा त्यांवर बसवा. गाडीला नवं एकही भोक पडणार नाही. उद्या एखाद्या विंटेज रॅलीत न्यायची झाली तर चार बोल्ट काढले की गाडी १९५४ सालची.

प्रश्न : माझ्याकडे १९५१ ची शेवरोले पिकअप आहे, शिवडीच्या कारखान्यात जोडलेली. आधीच्या मालकाने १२ व्होल्ट करून अल्टरनेटर आणि रेडिएटरमागे दोन विजेचे पंखे बसवलेत, बेल्टचा पंखा काढलाय. सिग्नलला गाडी थंड राहते, पण सांगली-कोल्हापूर रस्त्याला साठ-सत्तरला धरली की काटा चढत जातो. सगळे म्हणतात उलटं व्हायला हवं. — सांगलीहून एक वाचक

उत्तर : सगळे म्हणतात ते बरोबर आहे, आणि त्यातच तुमचं उत्तर आहे. थांबलेली गाडी थंड राहते म्हणजे पंखे चांगले आहेत. साठच्या पुढे पंख्यांची गरजच नसते, पुढून येणारा वारा पुरतो. मग तो वारा कुठे अडतोय ते शोधायचं.

पहिला संशय श्राउडवर. आधीच्या मालकाने सपाट पत्र्याने पूर्ण जाळी झाकून त्यात पंख्यांपुरती दोन गोल भोकं पाडली असतील. थांबलेल्या गाडीत हे उत्तम, कारण पंखे पूर्ण जाळीतून हवा ओढतात. पण सत्तरच्या वेगाला तोच पत्रा भिंत होतो आणि वाऱ्याला निघायला ती दोन भोकंच उरतात. उपाय सोपा आहे. पत्र्याच्या कोपऱ्यांत तीन-चार चौकोनी खिडक्या कापा आणि प्रत्येकीवर, इंजिनाच्या बाजूने, वरच्या कडेला रबराचा पडदा लावा. गाडी थांबली की पंख्याच्या ओढीने पडदा आत चिकटून बंद होतो आणि वेगात वाऱ्याने उघडतो. टायरच्या जुन्या ट्यूबचं रबर यासाठी छान. पत्रा जाळीला टेकलेला असेल तर इंचभर मागे घ्या.

दुसरा संशय खालच्या होजपाइपवर. तो पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला असतो. आत तारेची स्प्रिंग नसेल आणि रबर जुनं असेल, तर इंजिन जोरात फिरताना पाइप चपटा होऊन पाणी अडतं. स्लोवर तो पुन्हा गोल दिसतो, म्हणून गॅरेजमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही. गाडी न्यूट्रलला उभी करून हँडब्रेक लावा, एकाला अॅक्सिलरेटर दाबायला सांगा आणि पाइपाकडे बघत राहा. हात, बाही, मफलर बेल्टपासून लांब ठेवा.

तेही ठीक निघालं तर कागदाची परीक्षा. पंखे चालू करून ग्रिलपुढे वर्तमानपत्राचं पान धरा. दोन्ही पंख्यांसमोर ते जाळीकडे ओढलं जायला हवं. एकासमोर बाहेर उडालं, तर त्या पंख्याच्या वायरी उलट्या आहेत. तो सिग्नललाही अर्धंच काम करतोय आणि वेगात वाऱ्याच्या तोंडावर हवा मारतोय. वायरी फिरवून बघा.

जनरल मोटर्सने शिवडीत १९२८ मध्ये गाड्या जोडायला सुरुवात केली आणि १९५४ मध्ये तो कारखाना बंद केला. म्हणजे तुमची पिकअप तिथल्या शेवटच्या वर्षांतली. मूळचा पंखा आधीच्या मालकाकडे पडला असेल तर मागून घ्या. बसवायचा नसला तरी गाडीबरोबर राहू द्या.

प्रश्न : मी अल्टरनेटर, १६ इंची पंखा, रिले, फ्यूज सगळं नवं बसवलं. पंखा २० अँपियर घेतो, फ्यूज ३० चा आहे. तरी महिन्याभरात फ्यूजचा होल्डर वितळला, फ्यूज मात्र शाबूत! आता ४० चा फ्यूज टाकू का? — नाशिकहून, जुन्या बेडफर्डचा मालक

उत्तर : नका टाकू. कृपा करून नका टाकू. तुमचा होल्डर जास्त करंटने वितळलेला नाही, तसं असतं तर फ्यूज आधी उडाला असता. तो सैल सांध्याने वितळलाय.

वितळलेला होल्डर हातात घेऊन बघा. दोन पायांपैकी एकाच पायाजवळचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगलेलं असेल. त्या पायाची पितळी चिमटी तांबूस-निळसर पडलेली आणि ढिली. फ्यूजचा पायही एकाच बाजूला काळा. दोष तिथे आहे. सांधा ढिला असला की त्याला थोडासा रोध येतो. फक्त एक दशांश ओहम धरा, साध्या मल्टिमीटरवर तेवढा नीट दिसतही नाही. २० अँपियरला त्या एका सांध्यात ४० वॉट उष्णता तयार होते. डाग द्यायची छोटी कइया साधारण एवढ्याच वॉटची असते. म्हणजे होल्डरमध्ये तुम्ही एक तापलेली कइया ठेवली आहे. आणि पंख्याला जाताना दोन व्होल्ट वाटेतच गेले, तो मंद फिरणार ते वेगळंच. फ्यूजला यातलं काही कळत नाही. त्याच्यातून जाणारा करंट वीसच आहे, उलट किंचित कमीच झालाय.

तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुना टाटा आला होता. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये पंखा बसवून घेतलेला. तिथे होल्डर वितळल्यावर ४० चा फ्यूज टाकला, मग तोही नको म्हणून फ्यूजच्या जागी जाड तार पिळली. ड्रायव्हरला केबिनमध्ये रबर जळल्याचा वास आला म्हणून तो खाली उतरला, एवढं नशीब. बॅटरीपासून पंख्यापर्यंतच्या वायरचं वेष्टण हातभर जळून तांबं उघडं पडलं होतं आणि त्याच्या शेजारून डिझेलची नळी गेलेली. ती वायर मी अजून गॅरेजच्या भिंतीवर टांगून ठेवली आहे. पंख्याचं काम घेऊन नवा मुलगा आला की आधी ती हातात देतो.

तुम्ही असं करा. स्वस्त होल्डर फेकून द्या आणि जाड पायांचा, मोठ्या फ्यूजचा होल्डर घ्या. फ्यूज ३० चाच. तो बॅटरीपासून वीतभराच्या आत बसवा, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कोणाचंच संरक्षण नसतं. वायर निदान ४ चौरस मिलिमीटरची. बॅटरी लांब असेल, बेडफर्डमध्ये असतेच, तर ६ ची. लग (वायरच्या टोकाला लावायचा धातूचा तुकडा) पकडीने चेपू नका, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा आणि मग ओढून बघा. रिले म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ३० नंबरला बॅटरीकडची जाड वायर, ८७ ला पंखा. ८५ आणि ८६ ला बारीक वायर पुरते, एक इग्निशनच्या पुढून आणि दुसरी तापमानाच्या स्विचमधून अर्थला. रिलेचा सॉकेट मिळतो तो नुसता प्लॅस्टिकचा असतो. त्यातल्या चिमट्याही तपासा, कारण पुढचा वितळणारा तोच.

आणि अर्थ. सगळे पॉझिटिव्ह वायरीची काळजी घेतात आणि पंख्याची काळी वायर कुठल्या तरी रंगवलेल्या पत्र्याला स्क्रूने आवळतात. २० अँपियर जाताना जेवढे, परत येतानाही तेवढेच. रंग खरवडून चकचकीत धातूवर बोल्ट लावा, नाहीतर तेवढ्याच जाडीची वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या.

काम झालं की पंखा दहा मिनिटं चालवा, मग बंद करून प्रत्येक सांध्याला, होल्डरला, रिलेला बोट लावा. कोमट चालेल. बोट ठेववत नसेल तो सांधा पुन्हा करा.

तापमानाचा स्विच कितीचा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण बाकी दोघातिघांनी विचारलंय. बाजारात ९२ अंशाला चालू आणि ८७ ला बंद होणारा सहज मिळतो. दाबाचं झाकण असलेल्या गाडीला तो बरा. बिनदाबाच्या रेडिएटरला, विशेषतः घाटमाथ्यावर, तो फार उशीर करतो. तिथे ८५ च्या आसपासचा घ्या. थर्मोस्टॅटपेक्षा (पाणी ठरावीक तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) मात्र तो वरचाच हवा. थर्मोस्टॅट ८२ चा आणि पंखा ८० ला चालू, असं झालं तर पंखा कधी बंदच होत नाही.

प्रश्न : काका, मी मूळचा साताऱ्याचा, सध्या ह्यूस्टनला असतो. इथे १९७२ ची शेवरोले सी-१० पिकअप घेतली आहे, ३५० घनइंची व्ही-८ इंजिनाची. इथले लोक ३.८ लिटर इंजिनाच्या फोर्ड टॉरस मोटारीचा भंगारातला पंखा बसवतात, स्वस्त आणि जोरदार. एसीही लावायचा आहे. बसवू का? — ह्यूस्टनहून एक वाचक

उत्तर : तुमच्याकडचा उन्हाळा, गर्दीचा रस्ता आणि वर एसी, म्हणजे विजेचा पंखा लावायला खरंच कारण आहे. टॉरसचा पंखा चांगलाच. त्याला स्वतःचं श्राउड असतं आणि दोन वेग असतात. पण वरच्या वेगाला तो ३० अँपियरहून जास्त खातो आणि सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. तुमच्या सी-१० ला मूळचा अल्टरनेटर ३७ अँपियरचा असेल, तर पंखा एकटाच तो संपवेल. आधी निदान १०० अँपियरचा अल्टरनेटर, त्याच्यापासून बॅटरीपर्यंत जाड केबल, आणि मग पंखा. पंख्याला १० चौरस मिलिमीटरची वायर द्या आणि साधा ४० अँपियरचा रिले वापरू नका, ७० चा घ्या. आधी खालचा वेग सुरू होईल आणि एसीला किंवा जास्त तापल्यावरच वरचा, अशी जोडणी करा. म्हणजे सुरुवातीचा झटका विभागला जातो.

बेल्टचा पंखा काढताना एक गोष्ट विसरू नका. त्याचे चार बोल्टच वॉटर पंपाची पुलीही धरून ठेवतात. पंखा आणि मधला जाड स्पेसर निघाला की तेच बोल्ट लांब पडतात. पुलीच्या आतून ते पंपाच्या अंगाला टेकतात, किंवा पुली आवळल्यासारखी वाटते पण सैल राहते. आखूड बोल्ट घ्या, खाली स्प्रिंग वॉशर घाला, आणि इंजिन चालू करण्याआधी पुली हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघा.